रत्नागिरीला जाताना हरवलेला ब्रेक

कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचं तर मलकापूर, आंबा, मग घाट आणि खाली साखरपा. अंतर सुमारे १३० किलोमीटर. एस.टी.नं हा प्रवास मी इतक्या वेळा केला आहे, की कुठल्या वळणाच्या आधी मुलांच्या तोंडात आवळासुपारी द्यायची हेसुद्धा ठरलेलं. पण २०२२ च्या मे महिन्यात आत्यांच्या नातवाची मुंज निघाली आणि आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "या वेळी आपली गाडी न्यायची."

आपली गाडी म्हणजे मामंजींची फियाट. पद्मिनी, १९९६ सालची. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे सलग सोफ्यासारखी बैठक, आणि दार लावताना असा घट्ट आवाज की शेजारच्यांना कळावं, हे घरी आले. मामंजी गेल्यापासून ती विकायचा विषय निघाला की घरात सगळे गप्प बसतात. पुढे मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्यांची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपली, तेव्हा ती बातमी सासूबाईंनी कात्रीनं कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. घरात जुनं माणूस असतं तशी ही गाडी. तिच्या कुरबुरी सगळ्यांना पाठ, म्हणून कुणी नीट ऐकत नाही.

पहाटे सहाला निघालो. मागे सासूबाई, दोन्ही मुलं आणि मुंजीच्या आहेराची पिशवी. मांडीवर माझी नेहमीची हिशोबाची वही, कारण प्रवासात पेट्रोल, चहा, टोल सगळं मीच लिहिते. आंब्याला पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. घाट सुरू होण्याआधी थांबून डबा उघडला. तिथून खाली बघितलं की कोकण धुरकट निळं दिसतं, डोंगरामागे डोंगर, आणि वारा वरचा असला तरी त्यात खालचा दमटपणा जाणवायला लागतो. २०२१ च्या जुलैच्या पावसात याच घाटात दरडी कोसळून रस्ता खचला होता. त्याच्या खुणा ठिकठिकाणी दिसत होत्या. सासूबाईंनी त्या बघितल्या आणि उरलेला थालीपिठाचा तुकडा न खाता डब्यात ठेवला.

उतरायला लागलो. हे तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. चार-पाच वळणं झाली असतील, तेव्हा हे म्हणाले, "बघ, जुनी गाडी म्हणता, पण ब्रेक कसा चापून लागतोय! नुसता पाय ठेवला की पुरे." हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं, पण त्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला.

थोड्याच वेळात वास आला. इस्त्रीखाली लोकरीचा कपडा धरला तर येतो तसा. मी म्हटलं, "अहो, काहीतरी जळतंय." हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक होता खरा. मी गप्प बसले.

आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी ह्यांचा पाय धप्पकन खाली गेला. मला तो पाय दिसला. पेडल फळीला टेकलं होतं आणि गाडी चाललीच होती. हे काही बोलले नाहीत, नुसते दोन-तीनदा पाय मारत राहिले. त्या क्षणी गाडीत जी शांतता होती ती मला अजून ऐकू येते. मागे धाकटी कुठलंसं गाणं म्हणत होती. ह्यांनी दांडा ओढून दुसरा गिअर टाकला, गाडीनं मोठ्यांदा हुंकार दिला, मग हळूहळू हँडब्रेक ओढत दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या गटारीत डावी चाकं घातली. मडगार्ड दगडाला खरवडत गेलं आणि आम्ही थांबलो. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं रे?" हे म्हणाले, "काही नाही आई, जरा थांबलोय."

उतरून बघितलं तर चाकांतून बारीक धूर निघत होता. ह्यांनी मुलांची पाण्याची बाटली घेतली आणि चाकावर ओतायला वाकले, तोच मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ दादा, पाणी मारू नगा! ड्रम तडकंल! गार होऊ द्या आपसूक!" तो उतरला, चाकांखाली दगड लावले, आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "ब्रेकवर उतरू नगा घाट. ज्या गिअरात चढंल त्याच गिअरात उतरंल." एवढं बोलून गेला बिचारा. नाव विचारायचंही सुचलं नाही.

पाऊण तास थांबलो. मग ह्यांनी पेडल दाबून बघितलं, आणि ब्रेक परत आला होता! अगदी पहिल्यासारखा, वर आणि कडक. ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेलं पाकीट सापडलं. "झालं. ठीक आहे आता."

आता हे "ठीक आहे" बघा. आपल्या घरात एखादं माणूस चक्कर येऊन पडलं आणि पाच मिनिटांनी उठून बसलं, तर आपण "झालं, ठीक आहे" म्हणून त्याला लगेच विहिरीवर पाणी ओढायला पाठवतो का? पण यंत्राच्या बाबतीत मात्र सगळे हेच करतात. आपोआप गेलेली गोष्ट आपोआप परत आली की ती दुरुस्त झाली असं धरतात. मी म्हटलं, "पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरातच जायचं, नाहीतर मी मुलांना घेऊन एस.टी.नं येते." हे मानले. मुंगीच्या पावलांनी साखरप्याला उतरलो.

तिथल्या एका मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं. ब्रेक ऑइलची टाकी भरलेली. चाकांच्या आतून कुठे ओल नाही, नळ्या कोरड्या. पेडल कडक. "काही प्रॉब्लेम नाही साहेब, हवा शिरली असंल." त्यानं चारही चाकांची एअर काढली, पैसे घेतले. गाडी खरंच हलकी झाल्यासारखी चालायला लागली. ह्यांनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

दाभोळे, नाणीज करत पालीला कोकम सरबतासाठी थांबलो. मुलं उतरली, मी चाकापाशी वाकले. का वाकले विचाराल तर सांगता येणार नाही. दूध उतू गेल्यावर आपण दिवसभर गॅसकडे बघत राहतो तसंच. ओलं बोट चाकाच्या टोपीला लावलं तर चर्र झालं नाही, पण हात ठेववत नव्हता. चारही चाकं सारखीच तापलेली. साखरप्यापासून रस्त्याला घाटासारखा उतार नव्हता, ब्रेक फारसा लागलाही नव्हता. मग ही चाकं तापली कशानं? मी वहीत पेट्रोलच्या खाली लिहून ठेवलं: पाली, पावणेअकरा, चारी चाकं गरम.

हातखंबा, कुवारबाव, आणि मग एकदाची रत्नागिरी. आत्यांचं घर वरच्या भागात, थिबा राजवाड्याकडे चढणाऱ्या एका गल्लीत. अंगणाच्या तोंडाशी चांगला उतार आहे. ह्यांनी गाडी बंद केली, ब्रेकवरून पाय काढला, हँडब्रेक ओढायला विसरले, आणि गाडी जागची हलली नाही. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजीची भांडी आणायला म्हणून ह्यांनी गाडी काढली, त्याच जागी, तसाच हँडब्रेक सोडला, तर गाडी सुळकन मागे गेली आणि आत्यांच्या तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावर थांबली. "अगो सूनबाई, तुमची गाडी काल कशी गुणी होती!" आत्या म्हणाल्या. मी पुन्हा वही काढली: काल गरम असताना उतारावर हलली नाही. आज गार, घरंगळली.

मुंजीचे दोन दिवस गाडी अंगणातच राहिली, कारण मी किल्ली माझ्या कमरेला लावली होती. आम्ही रिक्षानं आणि पायी हिंडलो. आणि रत्नागिरी हे पायीच बघायचं गाव आहे. समुद्राकाठचं गाव म्हणून सपाट असेल असं वाटतं, पण ते सगळं चढ-उतारांवर बसलेलं. वरच्या अंगाला राजवाडा, वस्ती, कलमांच्या बागा, आणि कुठल्याही गल्लीतून निघालात तरी शेवटी उतरत उतरत पाण्याशी पोचता. मांडवीची वाळू काळी आणि किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूची उजळ. गावातले लोक चक्क काळा समुद्र, पांढरा समुद्र असंच म्हणतात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, तिथे मुलांना नेलं. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि १९३१ साली सर्वांसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर बघितलं. झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा बघून धाकटीनं विचारलं, "याचा ब्रेक कुठे असतो?" घाटातलं तिलाही कळलं होतं तर!

थिबा राजवाड्यात मात्र मी रेंगाळले. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा वाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं इथे काढली, त्यातली जेमतेम सहा या वाड्यात. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून खाली भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडे माडांची रांग दिसते. आता तिथे आपण आइस्क्रीम खात सूर्यास्त बघतो. त्या राजाराणीनं समुद्राकडे बघताना काय बघितलं असेल, या विचारानं माझं आइस्क्रीम वितळून गेलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा धीर सुटला. "आईला आणि आत्याला गणपतीपुळ्याला नेतो म्हणून आठ दिवस सांगतोय. गाडी तीन दिवस उभी आहे, काही झालंय का तिला?" उभ्या गाडीला काय होणार? पण मुंजीच्या घरात वाद नको म्हणून मी किल्ली दिली. मात्र अट घातली: वास आला की मी थांबा म्हणेन, आणि तुम्ही का म्हणून विचारायचं नाही.

शिरगावावरून आरे-वाऱ्याचा रस्ता धरला. समुद्राच्या कडेकडेनं जाणारा हा रस्ता म्हणजे डोळ्यांचं पारणं. डोंगराच्या कुशीतून वर चढतो, वळतो, आणि एकदम खाली दोन्ही किनारे अर्धचंद्रासारखे पसरलेले दिसतात. पण चढ आहे तिथे उतारही आहेच. पहिले दोन उतार ठीक गेले. तिसऱ्याच्या आधी हे पुटपुटले, "आज पेडल जरा जास्तच वर आहे. दगडासारखं लागतंय." आणि मला घाटातलं ते वाक्य आठवलं. "ब्रेक कसा चापून लागतोय!" त्या दिवशीही ब्रेक जायच्या आधी तो जास्तच चांगला झाला होता. मी नाक वर केलं. बारीकसा तोच वास.

"थांबा."

हे थांबले. विचारलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. ब्रेक अजून होता, म्हणून नीट कडेला थांबता आलं. चारही चाकं तापलेली. वीस मिनिटांनी गार झाल्यावर पेडल पुन्हा शहाण्यासारखं. आत्या मागे जपमाळ ओढत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "पुळ्याच्या गणपतीला इथूनच नमस्कार करते. घरी चल." समोर एवढा सुंदर समुद्र, आणि आम्ही सगळे चाकांकडे बघत उभे.

परत रत्नागिरीत आल्यावर आत्यांच्या यजमानांनी एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. पत्र्याची शेड, बाहेर फणसाचं झाड, आणि सत्तरीचे मिस्त्री चष्म्याला दोरी बांधून बसलेले. ह्यांनी सांगितलं, "ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही."

मिस्त्री म्हणाले, "कधी लागत नाही, तेवढं सांगा."

हे घुटमळले. "असं काही नक्की नाही. अचानकच..."

मी वही पुढे केली. मिस्त्रींनी ती उन्हात धरून सावकाश वाचली. पेट्रोल, चहा, टोल, चारी चाकं गरम, उतारावर हलली नाही, पेडल वर, वास, वीस मिनिटांनी ठीक. वाचता वाचता त्यांनी आधीचं पान उलटलं आणि विचारलं, "वहिनी, हा पेट्रोलचा आकडा फेब्रुवारीपासून का वाढला?" मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं! जेवढ्या पेट्रोलवर गाडी चार दिवस चालायची, तेवढं तीन दिवसांत संपत होतं. मला वाटलं, भाव वाढलेत. पण भाव वेगळा आणि लिटर वेगळे.

"फेब्रुवारीत गाडीला काय केलं होतं?"

तेव्हा ह्यांना आठवलं. ब्रेक फार खाली जाऊन लागतो म्हणून गावातल्या एका गॅरेजात दाखवली होती. त्यांनी तासाभरात पेडल वर आणून दिलं होतं.

मिस्त्री हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी पेडल बोटानं हलवून बघितलं आणि ह्यांनाही हलवायला लावलं. खरं तर पेडल दाबायला लागलं की आधी थोडंसं मोकळं हलायला हवं, मग आतला दट्ट्या ढकलला जायला हवा. आमचं पेडल मोकळं हलतच नव्हतं. मग एक चाक जॅकवर उचललं. हातानं फिरवलं, गरगर फिरलं. ह्यांना आत बसवून पेडल पंधरा-वीस वेळा भराभर दाबायला लावलं. आता चाक फिरवलं, तर ते ओल्या जात्यासारखं जड! पाय तर कधीच काढला होता. बॉनेटखाली मास्टर सिलिंडरपाशी नळी किंचित सैल केली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. "बघितलंत? ब्रेक लागत नाही हे तुमचं दुखणं नाही. ब्रेक सुटत नाही, हे दुखणं आहे."

मला हे नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून मी तिथेच बाकावर बसले. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपण पेडल दाबतो तेव्हा एक दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि ब्रेकशू ड्रमवर दाबतं. पाय काढला की दट्ट्या मागे येतो आणि एक बारीकसं भोक उघडं होतं. त्यातून तेल टाकीत परतू शकतं. तापून फुगलेलं तेलही याच भोकातून जागा करून घेतं. कुकरच्या झाकणाला वाफ जायची बारीक वाट असते ना, तिच्यात भाताचं शीत अडकलं तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या गाडीत पेडल वर आणण्यासाठी दट्ट्यामागचा दांडा जास्त पुढे घेऊन ठेवला होता. त्यामुळे दट्ट्या पुरता मागे येईना आणि ते भोक अर्धंमुर्धं झाकलेलं राहायला लागलं.

गावात चार गल्ल्या फिरताना हे जाणवत नाही. थोडं पेट्रोल जास्त लागतं, एवढंच. पण घाटात सारखा ब्रेक लागला की तेल तापतं, तापलं की फुगतं, आणि परत जायला वाट नाही म्हणून तेच शूजना ड्रमवर दाबून धरतं. म्हणून पेडल वर आणि कडक. म्हणून "कसा चापून लागतोय!" त्या घासण्यानं ड्रम आणखी तापतात, तेल आणखी फुगतं. असं होता होता एका क्षणी तेल उकळतं. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल मारलं की वाफच चेपली जाते आणि पाय फळीला टेकतो. गार झालं की वाफेचं पुन्हा तेल, आणि गाडी साळसूद. साखरप्याच्या मेकॅनिकनं एअर काढली तेव्हा कोंडलेला दाब निघून गेला, म्हणून थोडा वेळ गाडी हलकी वाटली. त्यानं फसवलं नव्हतं. त्याच्यापुढे गाडी आली तेव्हा तिला खरंच काही झालेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तेलाची. मिस्त्रींनी आमचं ब्रेक ऑइल बशीत काढून दाखवलं. कोकमाच्या आगळासारखं काळसर. हे तेल हवेतला ओलावा पीत असतं, आणि कोकणातल्या हवेत तर प्यायला काय कमी! डॉट ३ जातीचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा प्यायलेलं असलं की १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून टाकी भरलेली दिसली तरी तेल जुनं असेल तर उपयोग नाही. साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. आमचं कधी बदललं होतं, ते मामंजींनाच ठाऊक. आणि अर्धी उरलेली बाटली माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही. आपली काटकसर इथे नको. रंगावर सांडलं तर रंग जातो, तेवढंही लक्षात ठेवा.

मी विचारलं, "चारही चाकं तापली म्हणून तुम्हाला कळलं का?" म्हणाले, "हो तर. एकच चाक तापतं तर मी त्या चाकाकडे गेलो असतो. त्याची रबरी नळी आतून बुजते, नाहीतर तिथला सिलिंडर अडकतो. चारी तापली म्हणजे दुखणं मुळाशी." आणखी एक सांगितलं. कडक पेडलावर पाय हलकेच ठेवून मिनिटभर धरायचा. पेडल हळूहळू खाली खचत गेलं आणि बाहेर कुठे तेलाचा थेंब नसला, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलं. ते दुखणंही असंच लपंडाव खेळतं. जोरात दाबलं की ब्रेक लागतो, हळू दाबलं की गाडी सरकते, आणि मेकॅनिकपुढे सगळे जोरातच दाबतात! हे बघणं आपल्याला उभ्या गाडीत, सपाटीवर, सहज जमतं. जॅकखाली हात घालायला मात्र जाऊ नका.

दुपारपर्यंत काम झालं. दांडा मागे घेऊन पेडलला मोकळी जागा दिली, आतली रबरं बदलली, तेल चारही चाकांतून नवं येईपर्यंत काढलं. आणि फेब्रुवारीत जे करायला हवं होतं ते केलं: चाकांतले झिजलेले शू ड्रमजवळ आणून बसवले. पेडल खाली जात होतं ते शू झिजल्यामुळे. चाकं उघडायचा कंटाळा करून त्या गॅरेजनं दुसरंच टोक ओढून ठेवलं होतं. गाडीचा यात काही दोष नव्हता. नव्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा राहतो. पण तेल त्यांचंही ओलावा पितंच, आणि घाट त्यांनाही गिअरातच उतरावा लागतो.

पैसे देताना हे म्हणाले, "मिस्त्री, हिच्या वहीमुळे काम झालं." मिस्त्रींनी वही परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी माझ्यापुढे नेहमी शहाण्यासारखीच वागते, वहिनी. ती आजारी असताना शेजारी कोण बसलं होतं, तेच मला विचारायचं असतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आरे-वारे. दुसऱ्या गिअरात उतरलो, वर थांबून दोन्ही किनारे डोळे भरून बघितले, खाली थांबून चाकांना हात लावला. कोमट! मुलांनीही लावून बघितला. पुळ्याला पोचल्यावर सासूबाईंनी आणि आत्यांनी सबंध डोंगराची प्रदक्षिणा घातली, कारण तिथे डोंगरच गणपती. समुद्राच्या वाऱ्यात दोघींचे पदर सांभाळत मी मागून चालत होते. परतताना आत्यांनी फणसपोळ्या, आगळाची बाटली आणि कुळथाचं पीठ गाडीत भरलं, आणि तुळशीला हळदकुंकू वाहता वाहता गाडीच्या बॉनेटलाही बोट लावलं.

येताना घाट चढायचा होता, त्यामुळे ब्रेकची काळजी नव्हती. अर्ध्यावर एक पांढरी नवीकोरी गाडी उतरत येऊन कडेला उभी राहिलेली दिसली. पुढच्या चाकांतून धूर. एक गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन वाकले होते. आमचे हे गाडी थांबायच्या आत खिडकीतून ओरडले, "अहो, पाणी मारू नगा!" अगदी त्या ड्रायव्हरच्याच सुरात. मागे मुलं खो खो हसायला लागली.

ते गृहस्थ म्हणत होते, "काही नाही हो, अचानकच झालं." मी त्यांच्या पत्नीकडे गेले. मांडीवर लहान मूल होतं, चेहरा पांढरा पडलेला. मी विचारलं, "वास कधीपासून येत होता?"

तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, "देवळाच्या वळणापासून. मी म्हटलंही होतं."